दाशिलारमधलं पायताण

गल्लीच्या पाटीवरची चिनी अक्षरं सरळ वाचली तर होतं 'दाजालान'. पेइचिंगात, म्हणजे आपल्या बीजिंगात, तिसरं वर्ष चाललंय माझं, म्हणून ऐटीत एका आजोबांना तसंच म्हणून रस्ता विचारला. आपल्याकडं कुणी मिसळीत साखर मागितली तर बघावं तसे बघत राहिले. शेवटी फोन पुढं केला. "हां, दाशिलार!" म्हणजे लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच. अर्थ 'मोठं कुंपण'. मिंग राजवटीच्या काळापासून चोराचिलटांच्या भीतीनं रात्री गल्लीच्या तोंडाशी लाकडी फाटकं लावायचे, त्यावरून.

जुनं बघायला म्हणून गेले होते. पण शेजारचा छ्येनमनचा रस्ता 2008 च्या ऑलिंपिकच्या तोंडावर नव्यानं 'जुना' केलेला. खुद्द दाशिलारही 1900 साली परकीयांविरुद्ध झालेल्या बॉक्सर बंडात जळून गेलं होतं. औषधं, रेशीम, चहा, सगळी जुनी नावाजलेली दुकानं, आणि दारात सेल्फीची झुंबड. थोडं हिरमुसायला झालं.

मग नेइल्येनशंग या चपलाबुटांच्या दुकानात शिरले, आणि दोन तास तिथंच गेले.

1853 पासूनचं हे दुकान. तेव्हा दरबारी मंडळींचे बूट शिवायचे. म्हणजे गिऱ्हाईक बडं. तर या लोकांनी एक वही ठेवली होती, कुठल्या साहेबाचा पाय केवढा, पंजा रुंद की अरुंद. पुढच्या वेळी माप द्यायची गरज नाही. शिवाय हाताखालच्या माणसाला साहेबाला खूश करायचं असेल, तर पायाला हात न लावता बूट भेट देता येई! चमचेगिरीची एवढी नीटनेटकी सोय मी तरी दुसरीकडं पाहिली नाही.

एक कारागीर तळवा शिवत बसला होता. खळीनं चिकटवलेल्या कापडाच्या थरांवर थर. आरीनं भोक पाडायचं, तागाचा दोरा ओवायचा, हाताला गुंडाळून कचकन ओढायचा. दर टाक्याला तोच आवाज. भोवती माणसं मोबाईल धरून उभी, कुणी हूं की चूं करत नव्हतं.

आणि मला राग आला. त्यांचा नाही. आमच्या कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत हेच चालत नाही का? बाभळीची साल, हिरडा, कमावलेलं कातडं, खिळा न मारता चामड्याच्या वादीनं घातलेली शिवण. शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला. 2019 साली कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिथं कारागीर दुकानाच्या मागं अंधारात बसतो, आणि आपण पुढं उभं राहून "दोनशे कमी करा की" म्हणतो. इथं मात्र मी सहाशे युआन मोजले, घासाघीस न करता. भाषा येत नव्हती असं नाही. (शेवटची कोल्हापुरी कधी घेतली, विचारू नका. पेइचिंगच्या थंडीत ती घालणार कधी? आणि उन्हाळ्यातही बूटच बरे पडतात.)

रात्री आप्पांना व्हिडिओ कॉल केला. बूट कॅमेऱ्यापुढं धरला. रुपयांत किंमत सांगितली.

"कापडाचं?"

"हो, पण बत्तीस-बत्तीस थर असतात, आप्पा."

"असूंदेत. करकर वाजतंय का?"

वाजत नव्हतं.

"मग कसलं पायताण ते. तुझा पाय काढून पाठव, जोड करून ठेवतो."

मी घरात पडलेल्या चिनी वर्तमानपत्रावर पाय ठेवला, पेन्सिल फिरवली, फोटो पाठवला. पाच मिनिटांत फोन. "फोटोत माप कळतंय व्हय? कागद पोस्टानं धाड. आणि दोन्ही पायांचं."