प्रश्नाआधी आलेली उत्तरं

मंगळवार, रात्र

आज पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. आम्ल-अल्कली टायट्रेशन, म्हणजे आम्लात थेंबथेंब अल्कली सोडून ते संपायला किती लागते ते मोजायचं. अल्कली जराशी उरली की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा अगदी फिकट रंग दिसताच एका मुलीने ब्युरेट (थेंब सोडायची खुणांची नळी) बंद केलं, रीडिंग लिहिलं, आणि परत बघते तर फ्लास्कमधला रंग गायब. रीडिंग चुकलं असं वाटून ती आणखी थेंब सोडायला निघाली होती. मी थांबवलं आणि विचारलं, आतलं काही बदललं असेल की बाहेरून काही आलं असेल? तिने जरा विचार केला आणि पुढच्या वेळी दोन फ्लास्क तयार केले. एकाला बूच लावलं, दुसरा उघडा ठेवला. उघड्यातला रंग आधी गेला. मग तिचं तिलाच सुचलं: हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल तयार होतं, आणि शेवटच्या थेंबातली जेमतेम उरलेली अल्कली त्यात संपते. तोवर शेजारची मुलं आपापली ब्युरेटं सोडून तिथे जमली होती.

संध्याकाळपासून डोक्यात तेच घोळतंय. तिच्यापुढे आधी प्रश्न उभा राहिला आणि उत्तर नंतर आलं. पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र आपण बहुतेक वेळा उलट्या क्रमाने शिकवतो.

मोलचंच बघा, म्हणजे अणू-रेणू मोजायच्या ठरावीक गठ्ठ्याचं. व्याख्या, मग ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, मग गणितं. २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केलेला आहे, त्यामुळे फळ्यावर लिहून पुढे जाणं आणखीच सोपं झालंय. १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल, हे मुलांना तोंडपाठ असतं. पण पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू दोनच, हे कुणाला आणि कसं कळलं, असं विचारलं की हुशार मुलंसुद्धा गप्प होतात. असा प्रश्न असू शकतो, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि हा प्रश्न किती अवघड होता! अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनच्या मते पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. या दोघांचं एकच संयुग तेव्हा माहीत होतं, म्हणून जोडणीही साध्यात साधी धरायची, असा त्याचा नियम. पाण्यात वजनाने हायड्रोजनच्या आठपट ऑक्सिजन असतो. डाल्टनचं सूत्र धरलं तर ऑक्सिजनचा अणुभार ८ येतो, आपलं धरलं तर १६. तराजू दोन्ही हिशेब मान्य करतो! नुसत्या वजनांवरून हा निकाल लागतच नाही, आणि वर्गाने इथे मनसोक्त अडकावं असं मला फार वाटतं. मग १८०८ मधलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकचं निरीक्षण पुढे ठेवायचं: दोन भाग हायड्रोजन वायू आणि एक भाग ऑक्सिजन वायू यांच्यापासून वाफ होते दोन भाग. सारख्या आकारमानात सारखेच कण असतील, तर वाफेच्या प्रत्येक कणाला ऑक्सिजनचा अर्धाच कण मिळतो. अर्धा अणू? डाल्टनने ते आकडेच स्वीकारले नाहीत. ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये वाट दाखवली: वायूचा कण म्हणजे सुटा अणू नव्हे, जोडीने राहणारा रेणू, आणि तो दुभंगू शकतो.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षं हे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सूत्रांचा गोंधळ इतका वाढला की जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या ॲसेटिक आम्लाची १९ सूत्रं नोंदवली. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला रसायनशास्त्रज्ञ जमले आणि तिथे इटालियन प्राध्यापक कानिझारोची एक पुस्तिका वाटली गेली, ॲव्होगाड्रोची कल्पना धरून अणुभार कसे ठरवायचे ते दाखवणारी. ती काय होती? जेनोआच्या आपल्या विद्यार्थ्यांना तो जे शिकवायचा, त्याचाच सारांश. त्या परिषदेला तरुण मेंडेलीव्ह हजर होता, आणि त्याची १८६९ ची मूलद्रव्यांची आवर्तसारणी आकाराला आली तीही विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना. नवख्यांना विषय नीट समजावून सांगायचा म्हणून घेतलेल्या कष्टांतून रसायनशास्त्राच्या दोन मोठ्या गोष्टी उभ्या राहिल्या. 'पहिल्या वर्षाला काय शिकवायचंय त्यात!' असं कुणी म्हणालं की मला मनापासून वाईट वाटतं ते यामुळे.

मेंडेलीव्हने सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो १८९७ चा. तरी आपण पहिल्याच आठवड्यांत क्वांटम अंक आणि ऑर्बिटल, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागा, काढून बसतो. मुलं चौकटींत इलेक्ट्रॉनचे वर-खाली बाण भरत जातात, आणि अणू मानायचा तरी कशासाठी, हे त्यांच्यासमोर कधी आलेलंच नसतं. ऑर्बिटल सुंदर आहेत, शिकवायलाच हवेत, पण सहा-आठ आठवडे थांबल्याने त्यांचं काही बिघडत नाही. आधी सारणीतली गुणधर्मांची पुनरावृत्ती डोळ्यांना खटकू दे, मग तिचं कारण सांगू.

ऊर्जेच्या धड्यातही हेच. बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते, असं निम्म्याहून अधिक वर्ग ठामपणे सांगतो. जीवशास्त्रात एटीपीबद्दल, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूबद्दल, तसं ऐकलेलं असतं. नियम सांगून ही समजूत हलत नाही. त्याऐवजी हायड्रोजन जळण्याचा हिशेब हातात द्यावा. दोन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला प्रत्येकी ४३६ किलोज्यूल, एक मोल ऑक्सिजनचे तोडायला ४९८, म्हणजे खर्च १३७०. नव्याने जुळणारे ऑक्सिजन-हायड्रोजन बंध चार मोल, प्रत्येकी ४६३, म्हणजे जमा १८५२. फरक ४८२. ज्योतीची उष्णता कुठल्या बाजूने आली, हे मुलं स्वतःच बोट ठेवून दाखवतात.

वेळेची अडचण खरी आहे. घटक ठरलेले, तास ठरलेले, आणि पेपरात गणितंच येतात. म्हणून चाचणीचा पेपर आजच बदलला. नवा प्रश्न असा: पाण्याचं डाल्टनचं सूत्र खरं धरा; ऑक्सिजनचा अणुभार काढा; गे-ल्युसॅकचे आकडे त्याच्याशी कुठे जुळत नाहीत ते सांगा, आणि जुळण्यासाठी काय मानावं लागेल ते कारणासह लिहा. कॅल्क्युलेटर लागणार नाही, पण लिहायला वेळ लागेल, तेव्हा मोलची दोन गणितं काढून टाकली.