निनावी अर्ज

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पाने लिहून द्यावीत, असे शाळेचे पत्र गेल्या महिन्यात आले आणि त्यातच ‘लेखाखाली पूर्ण नाव, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष व हुद्दा अवश्य लिहावा’ अशी सूचनाही होती. ती वाचून मला हसू आले; कारण या शाळेत मी लिहिलेल्या ज्या मजकुराची सर्वांत अधिक चर्चा झाली, त्याच्याखाली माझे नाव नव्हते.

१९७५-७६ साली मी नववी ‘ब’मध्ये होतो. इतिहास आणि नागरिकशास्त्राला सर होते. कोणते सर, हे त्या काळच्या कोणाही विद्यार्थ्याला सांगावे लागणार नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात विचारवंतांनी लोकजागृती केल्याचे एक वाक्य होते आणि त्यात तीन नावे. पाठ्यपुस्तकाचे तेवढ्यावर भागले, सरांचे भागले नाही. त्या एका वाक्यावर त्यांनी तीन आठवडे घालवले आणि सुरुवात फ्रान्सपासून न करता सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जाऊन केली. ते फळ्यावर एकेका ग्रंथाचे मुखपृष्ठ आखत. वर ग्रंथाचे नाव, तळाशी गाव आणि साल. मधली, लेखकाच्या नावाची ओळ मात्र कधी भरत, कधी कोरी ठेवत. ओळ कोरी का, एवढाच त्यांचा प्रश्न असे.

१६५१ चा ‘लेव्हायथन’ आला तेव्हा ओळ भरलेली होती. यादवीच्या तोंडावर इंग्लंडातून निघून पॅरिसमध्ये राहिलेल्या तत्त्वज्ञ थॉमस हॉब्सने तो लिहिला होता. सगळ्यांनी आपापले अधिकार एका सत्तेच्या हाती सोपवावेत, एरवी कोणी कोणाला सुखाने जगू देणार नाही, असे त्याचे म्हणणे. हे राजाच्या सोयीचेच नाही का, असे आमच्यातल्या एकाने विचारले. त्यावर सर म्हणाले, “सोयीचे आहे, पण ही सत्ता देवाने दिलेली नाही, माणसांनी आपसांत करार करून दिलेली आहे, हेही त्यातच आहे. करार म्हटला की अटी कोणत्या, हे विचारणारा आज ना उद्या निघतोच.” पुढचा ग्रंथ १६७० चा, डच तत्त्वज्ञ स्पिनोझाचा. विचार करण्याचे आणि बोलण्याचे स्वातंत्र्य हेच राज्याचे प्रयोजन, असे सांगणाऱ्या त्या ग्रंथावर लेखकाची ओळ कोरी होती आणि गावही खोटे होते: छपाई ॲम्स्टरडॅमची, मुखपृष्ठावर हॅम्बुर्ग.

याच सुमारास मधल्या सुट्टीत ग्रंथालयाला कुलूप लावण्याची पद्धत सुरू झाली. आम्हा सात जणांच्या वतीने मी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. त्यात मागणी एकच होती, सुट्टीतली वीस मिनिटे ग्रंथालय उघडे असावे. पण सही करायचे धैर्य कोणालाच झाले नाही. शाळा भरण्यापूर्वी तो कागद त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवून आम्ही पसार झालो. आणीबाणी लागून जेमतेम दोन महिने झाले होते. सही नसलेल्या कागदाची धास्ती त्या वर्षी मोठमोठ्यांना वाटत होती, हे मला फार उशिरा उमगले. अर्ज सरांकडे देण्यात आला आणि आमच्या वह्यांशी अक्षर ताडून पाहण्यास सांगण्यात आले. दर आठवड्याला आमच्या वह्या तपासणाऱ्या माणसाला ताडून पाहण्याची मुळीच गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सर वह्यांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले, तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि तसाच ठेवून आल्जर्नन सिडनी या इंग्रज राजकारण्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. इंग्लंडात राजद्रोहाच्या खटल्याला दोन साक्षीदार लागत. १६८३ साली सिडनीविरुद्ध सरकारला एकच मिळाला. तेव्हा त्याच्या घरात सापडलेले, कधीही प्रसिद्ध न झालेले हस्तलिखित दुसरा साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले. राजाची सत्ता लोकांकडून येते आणि लोकांना ती काढून घेता येते, असे त्यात लिहिले होते. अक्षर त्याचेच आहे, असे सांगणारे लोक न्यायालयात आणले गेले. लिहिणे म्हणजेच कृती करणे, असे न्यायाधीश जेफ्रीज म्हणाला आणि डिसेंबरमध्ये सिडनीचे डोके उडवण्यात आले. पुढे १६८९ साली, राजा बदलल्यावर, पार्लमेंटने ती शिक्षा रद्द ठरवली, सर क्षणभर थांबून म्हणाले, “सिडनीला त्याचा उपयोग नव्हता.” मी खाली मान घालून बाकावरच्या शाईच्या डागाकडे पाहत होतो.

मग त्यांनी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या ग्रंथाचे मुखपृष्ठ आखले. सिडनी पकडला गेला त्याच वर्षी लॉक हॉलंडला निघून गेला होता. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी लोक सरकार नेमतात आणि सरकारच त्यांवर उठले तर ते दूर करण्याचा हक्क लोकांना राहतो, असे सांगणारे त्याचे दोन प्रबंध इंग्लंडातली १६८८ ची राज्यक्रांती यशस्वी झाल्यावर छापले गेले. तरीही लेखकाची ओळ कोरीच राहिली. तो ग्रंथ आपला आहे, हे लॉकने १७०४ साली, मरणाच्या थोडे आधी, मृत्युपत्राच्या पुरवणीत कबूल केले. याच लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते, हेही सरांनी त्याच तासाला सांगितले. तास संपल्यावर वह्या न उघडताच परत वाटल्या गेल्या.

कार्यालयात काय घडले, ते पुढे तिथल्या लिपिकांकडून कळले. “मागणी वाजवी आहे की नाही, हे ठरवायला अक्षर कशाला लागते?” एवढेच सर म्हणाले होते. पुढच्या सोमवारी कुलूप निघाले.

नाव छापणाऱ्यांचे काय झाले, तेही सरांनी सांगितले. रूसोने १७६२ साली ‘सामाजिक करार’वर अभिमानाने ‘जिनिव्हाचा नागरिक’ असे छापले आणि जिनिव्हानेच तो ग्रंथ जाळला. टॉमस पेनवर ‘मानवाचे हक्क’ या पुस्तकासाठी खटला भरून १७९२ साली त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवण्यात आले. तेच पुस्तक पुढे पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडले, हे सांगताना सरांचा आवाज बदलत असे.

मी पुढे न्यायखात्यात गेलो आणि जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालो. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू हा स्वतः बोर्दोचा न्यायाधीश होता आणि ते पद त्याला चुलत्याकडून वारशाने मिळाले होते, हे समजले तेव्हा मला तो घरचाच वाटू लागला. सत्तेला सत्तेनेच आवर घालावा, हे त्याने १७४८ साली, अर्थात निनावी, लिहिले. आपल्या संविधानाच्या ५० व्या अनुच्छेदात न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी ठेवण्याचे जे निर्देशक तत्त्व आहे, त्याच्या मागे हाच विचार आहे. पण न्यायाधीशाला निनावी राहता येत नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी आणीबाणीतल्या स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या निकालात चौघांनी एका बाजूला सही केली आणि न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने विरोधात. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले. माझ्या दालनात मी त्यांचे छायाचित्र लावले होते.

आता नागरिकशास्त्र हा परीक्षेआधीच्या आठवड्यात उरकण्याचा विषय झाला आहे, असे माझी नात सांगते. सरांच्या त्या मुखपृष्ठांच्या वह्या कोणी जपून ठेवल्या नाहीत, याची खंत मला अधिक आहे. मागून घेण्याची संधी मला होती आणि मी ती घेतली नाही. पहिल्या नेमणुकीचा आदेश मिळाला तेव्हा पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी आदेश चष्म्याजवळ धरून सावकाश वाचला, घडी घालून परत दिला आणि विचारले, “आता ‘विनंती’ दीर्घ लिहितोस ना? त्या अर्जात दोनदा ऱ्हस्व होती.”

— एक माजी विद्यार्थी, शालान्त परीक्षा १९७७. निवृत्त जिल्हा न्यायाधीश