आमची वाटचाल : मालवण, किल्ला आणि एक कंप्रेसर

आज मालवण जेटीवर गाडी थांबायच्या आत पोरं काच वाजवतात, "सर स्कुबा, किल्ला, डॉल्फिन, सगळं पॅकेज." असू दे, पोट सगळ्यांनाच आहे. पण आम्ही स्कुबाचा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर लावून लोकांना पाण्याखाली न्यायचा, धंदा चालू केला तेव्हा पर्यटक होडीने सिंधुदुर्गावर जायचे, शिवराजेश्वराच्या पाया पडायचे, दूधबाव-दहीबाव-साखरबाव या विहिरी बघायचे आणि तासाभरात परत. किल्ल्यामागच्या खडकांत पाण्याखाली काय आहे ते फक्त मच्छीमारांना माहीत.

त्यातलेच आमचे तांडेलकाका. होडी त्यांची, कर्ज माझं, अशी पार्टनरशिप, कागद वगैरे काही नाही. किनाऱ्यावरचा माड आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून बरोब्बर खडकावर नांगर टाकायचे, जीपीएस त्यांच्यापुढे काय करणार. पाणी बघून सरळ सांगायचे, "आज नको, गढूळ आसा. पैसो खंय पळान जाणा नाय." मी चिडायचो, पण होडी काही सुटायची नाही.

गोव्यातून बावर कंपनीचा सेकंडहँड कंप्रेसर, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरायचं मशीन, आणला. धंद्यातल्यांना सांगायला नको, स्कुबा म्हणजे होडी नव्हे, कंप्रेसर. त्याचा हवा ओढायचा पाइप इंजिनच्या धुराच्या उलट बाजूला, वाऱ्याच्या तोंडाला पाहिजे, नाहीतर सिलिंडरमध्ये धूरच भराल. फिल्टर तासांच्या हिशोबाने बदलायचा, वास यायची वाट बघायची नाही. सिलिंडर 200 बार दाबाला भरायचा तोही घाई न करता, आणि संध्याकाळी सगळे रेग्युलेटर (तोंडात धरून सिलिंडरमधली हवा घ्यायचं यंत्र) गोड्या पाण्यात. हे सगळं मी ज्या पोराला हाताला धरून शिकवलं त्यानेच पुढे आमच्या शेजारी बोर्ड लावला आणि रेट निम्म्यावर आणला. कसा परवडतो ते मला विचारू नका, धंद्यातला माणूस समजून घेईल. दहा मिनिटं खाली, हातात पाव, मासे गोळा झाले की व्हिडिओ, चला पुढचा. आमचे दोन डायव्हर नेले, जेटीवरचे एजंट फोडले, वर "त्यांचं सामान जुनं झालंय" म्हणून सांगत सुटला. जुनं होतंच! पण दरवर्षी उघडून, ओ-रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) बदलून ठेवलेलं जुनं.

मधली वर्षं बरी गेली.

मग 16 मे 2021, तौक्ते चक्रीवादळ. आधीच लॉकडाऊनने सीझन खाल्लेला, होड्या अजून वर ओढायच्या होत्या. रात्री वारा असा फिरला की सकाळी आमची फायबरची होडी मधोमध चिरलेली, शेडचे पत्रे माडावर आणि कंप्रेसर वाळूत गळ्यापर्यंत. पंचनाम्याला आलेल्या साहेबांच्या कागदावर होडीला रकाना होता, जाळ्यांना होता, कंप्रेसरला नव्हता, "इतर" मध्ये लिहितो म्हणाले, ते इतर अजून तिथेच आहे. काकांनी आणि मी कंप्रेसर उपसून काढला, विहिरीच्या पाण्याने धुतला, तेल काढून डिझेलने फ्लश केला, व्हॉल्व्ह सुटे करून घासले. लाईट नव्हती, पेट्रोल इंजिनवर फिरवला. फिरला! पण नवीन फिल्टर घ्यायलाही पैसे नव्हते.

कोल्हापूरचे एक डॉक्टर दर डिसेंबरात फॅमिली घेऊन येतात. त्यांचा फोन आला, "पुढच्या सीझनचे पैसे आत्ताच घ्या." किती पाठवले ते सांगत नाही, त्यांना आवडणार नाही, पण होडीचं फायबर त्यातून झालं. शेजाऱ्याने त्यांनाही कार्ड दिलं होतं म्हणे, त्यांनी त्याचा उपयोग मुलाच्या बुटातली वाळू खरवडायला केला.

आता सल्ला, मागितला नसलात तरी. पावसाळ्यात सगळं बंद असतं, सप्टेंबरात चालू झालं तरी पाणी साफ मिळतं ते डिसेंबर-जानेवारीत, आणि सकाळी लवकर या, दुपारनंतर वारा पडत नाही, उठतो. सर्दी असेल तर खाली जाऊ नका, कान दुखायला 15 फूट पुरे होतात. आणि पैसे द्यायच्या आधी एकच विचारा, "कंप्रेसर कुठे आहे, दाखवता का?" टाळाटाळ झाली की किल्ला बघा आणि परत जा.