डावीकडे बातमी, उजवीकडे जीव : दुसरी वही, जोडपान 19 ते 31

चित्रांची पहिली वही भरायला अकरा महिने लागले होते. दुसरीतली ही तेरा जोडपानं गेल्या जुलैपासूनची. वेग वाढलाय असं वाटेल, पण त्यातली चार झाकून ठेवायच्या लायकीची आहेत. फाडली नाहीत इतकंच, आणि तेही काही तत्त्व म्हणून नव्हे. शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की शिवणीपलीकडचं त्याचं जोडीदार पानही गळतं, आणि तिथे नेमकी माझी एकुलती एक धड जमलेली खार बसलीय.

नवीन मंडळींसाठी खेळ थोडक्यात सांगते. डाव्या पानावर आरोग्याची एक बातमी, पेपरमधून कापून खळीनं चिकटवलेली. उजव्या पानावर त्या बातमीत ज्या जिवाचं नाव आलंय, तो जीव. शक्यतो प्रत्यक्ष बघून काढायचा, फोटो फक्त चुका तपासायला. कात्रणांचं वेड जुनं आहे. सत्तावीस वर्षं मेडिकल स्टोअरच्या काउंटरमागे काढली, आणि सकाळी पेपरात काही छापून आलं की दहा वाजेपर्यंत चारजण तेच विचारायला यायचे. म्हणून ड्रॉवरमध्ये कात्रणं ठेवायचे. दुकान भाच्याकडे सोपवलं तेव्हा ती पिशवी घरी आली. एका पावसाळी दुपारी उपसत बसले, तर डेंगीची एकोणीस कात्रणं निघाली. एकोणीस! आणि डास काढ म्हटलं असतं तर मला सहा पाय नक्की कुठून फुटतात हे सांगता आलं नसतं. तिथून हे सुरू झालं.

आता या खेपेचं.

सहा पानं एकट्या कबुतराने खाल्ली. जुलै 2025 मध्ये मुंबईतले कबूतरखाने बंद करायचे आदेश निघाले, ऑगस्टमध्ये दादरचा कबूतरखाना ताडपत्रीने झाकला, मग आंदोलनं, कोर्ट, सगळं तुम्ही वाचलंच असेल. कात्रणांचा तर महापूर. त्यात वारंवार येणारा शब्द होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांवरच्या पिठाची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिली की काहीजणांचं शरीर तिच्यावर उलटतं, फुप्फुसं सुजतात, आणि वेळेत लक्षात नाही आलं तर त्यांत वण धरून ती कायमची ताठर होतात. आमच्या दुकानात एक काका येत. दर पंधरा दिवसांनी खोकल्याचं औषध, दर वेळी वेगळ्या कंपनीचं. मी वर्षभर देत राहिले. रोज सकाळी गच्चीवर ते दोन किलो ज्वारी टाकतात हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं, तेही फार उशिरा.

तेव्हा कबुतराबद्दल माझ्या मनात फारसं प्रेम होतं असं नाही. पण काढायला बसलात की राग टिकत नाही, कारण मान. ती मान! मी आजवर तिला ‘मोरपंखी’ म्हणून मोकळी होत होते. खिडकीच्या काचेआडून तासभर पाहिली तेव्हा कळलं, पाखराने मुंडी वळवली की हिरवा होता तिथे जांभळा येतो आणि जांभळा होता तिथे हिरवा. रंग पिसात घातलेला नाहीच, पिसाच्या बारीक घडणीवर उजेड कसा पडतो त्यावर तो ठरतो. मग ट्यूबमधला हिरवा कितीही महागाचा आणलात तरी कागदावर शेवाळच दिसणार. माझ्या नऊ माना शेवाळल्या. दहावीला जे जमलं ते असं : आधी अख्खी मान कोरी ठेवायची. हिरवा आणि जांभळा दोन्ही पातळ करून शेजारीशेजारी सोडायचे, पण मध्ये केसाएवढी कोरडी रेघ राखायची, म्हणजे ते एकमेकांत घुसत नाहीत. वाळल्यावर फक्त कडांना गडद करायचं. ती कोरी रेघच चकाकते. अंगाच्या राखाडीला तयार ग्रे वापरू नका, मेल्यासारखा दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळा, निळा किंचित जास्त. पंखावरचे दोन काळे पट्टे अगदी शेवटी, कोरड्यावर.

विचारलंच जाईल म्हणून : बाल्कनीतली घाण साफ करताना आधी पाणी शिंपडून ओली करते, मास्क लावते, मगच खरवडते. कोरडा झाडू मारत नाही. दाणे टाकत नाही. चित्र काढायला कबुतराला जेवण घालावं लागत नाही, ते आपणहून येतं. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 2023 चा अहवाल आला होता, त्यातही कितीतरी पक्षी घटत असताना कबुतराची मात्र भरभराट चाललेली आहे. आपल्या राज्यपक्ष्याला, हरियालला, यातलं थोडं नशीब मिळालं असतं तर. तोही कबुतरच, फक्त हिरवा आणि भिडस्त.

डासाचं पान गणपतीच्या आठवड्यातलं. जिवंत बघून काढायचा नियम मीच केलेला, म्हणून मागच्या अंगणातल्या फुटक्या कुंडीतलं पाणी लोणच्याच्या बरणीत भरलं, तोंडाला मलमलीचं फडकं, वर रबर. भिंगातून पाहिल्यावर पहिला धक्का हा की अळ्या उलट्या लटकतात. डोकं खाली, शेपटीकडची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला लावलेली, श्वास तिथून. बरणीला टिचकी मारली की सगळ्या वळवळत तळाला, आणि मिनिटाभरात परत वर टांगलेल्या. मलेरियावाल्या अॅनॉफेलिसची अळी अशी लटकत नाही, तिला नळीच नाही, ती पाण्याला समांतर पडून असते, काडीसारखी. म्हणजे माझ्या बरणीत ती नव्हती, हे मला पुस्तकाऐवजी बरणीने सांगितलं. नंतर अळीचा कोष होतो, तो हुबेहूब स्वल्पविराम. पान भरून मी नुसते स्वल्पविराम काढलेत. वहीतलं सगळ्यात सोपं आणि माझ्या मते सगळ्यात देखणं पान.

सहाव्या दिवशी दारात आरोग्य खात्याच्या ताई. पिंपं, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासत तपासत ओट्यावरच्या बरणीपाशी थांबल्या.

“काकू, हे काय?”

“चित्रासाठी ठेवलंय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बरणीकडे पाहिलं, फडक्याचं रबर ओढून बघितलं. “आम्ही घरोघरी कोरडा दिवस पाळा सांगत फिरतोय आणि तुम्ही डास पाळताय.” मग स्वतःच खुर्ची ओढून बसल्या आणि भिंग मागितलं. जाताना बरणी माझ्याकडूनच तापल्या अंगणात रिकामी करून घेतली, त्यात हयगय नाही. त्यामुळे पूर्ण वाढलेला डास मला काढता आला तो भिंतीवर चापट मारून मिळालेला, एक पंख चुरगळलेला. पायांवरचे पांढरे पट्टे मात्र शाबूत होते, तेव्हा डेंगीवाला एडिसच. आणि सहाही पाय छातीतून फुटतात, पोटातून एकही नाही. एकोणीस कात्रणांचं कर्ज फिटलं.

वटवाघळाचं पान घाईत उरकलंय, कबूल. कात्रण जुनं, 2021 चं. महाबळेश्वरच्या गुहेत पकडलेल्या वटवाघळांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाह विषाणूचा माग लागला होता, ते. संध्याकाळी उंबरावर येणारी मोठी वटवाघळं गच्चीवरून दिसतात, पण अंधारात नुसत्या छत्र्या उडाल्यासारखी. मग दुसरी युक्ती केली. माझा डावा हात कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवला आणि त्याच बोटांना ओढून ओढून पंख केला. अंगठा आखूड, बाहेर, आकडीसारख्या नखाचा. मधलं बोट पार पंखाच्या टोकापर्यंत. करंगळी खाली पोटाच्या बाजूला. बोटांमधून पडदा. हे नुसतं वाचून माहीत होतं, पण स्वतःच्या वाकड्या करंगळीचा पंख होताना बघणं वेगळंच. घरात लहान मुलं असतील तर त्यांना हे नक्की करायला द्या, अर्धा तास शांतता मिळते.

आणि आता जोडपान 28, ज्यावर मी पाच आठवडे अडकले.

डावीकडचं कात्रण 2024 मधल्या एका अभ्यासाचं. भारतातली गिधाडं नाहीशी झाली, मेलेली जनावरं उघड्यावर सडू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासलं, आणि 2000 ते 2005 या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली, असा हिशेब दोन अर्थतज्ज्ञांनी मांडला होता. गिधाडं कशाने गेली ते आता सर्वांना ठाऊक आहे. डायक्लोफिनॅक. गुडघा, कंबर, दाढ, काहीही दुखलं की आपण घेतो ते. दुखऱ्या गुराला टोचलेलं, ते जनावर मेलं, गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं बंद आणि आतल्या अवयवांवर युरिक अॅसिडचा खडूसारखा पांढरा थर. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून हे 2004 मध्ये उलगडलं. 2006 मध्ये आपल्याकडे गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. पण माणसांसाठीची 30 मिलीची बाटली दुकानात होतीच. ती गुरांच्या कामाला इतकी यायची की शेवटी 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एका डोसापुरतंच ठेवलं.

ती 30 मिलीची बाटली मी विकलेली आहे. एक गवळीदादा चिठ्ठी घेऊन आले होते. रुग्णाचं नाव गौरी, वय 5. पाच वर्षांच्या पोरीला कोणी इतकं डायक्लोफिनॅक लिहून देत नाही, आणि दादांच्या पायाला शेण लागलेलं होतं. गौरी कोण हे मला कळलं नाही असं नाही. दोन बाटल्या दिल्या, सुट्टे परत केले. मेलॉक्सिकॅम, तेही दुखण्यावरचंच औषध, मागच्याच फळीवर होतं. गिधाडांना त्याने काही होत नाही, हे वाचायला मला आणखी काही वर्षं लागली.

तर उजव्या पानावर गिधाड हवं. बघून काढायचं तर कुठून? माझं माहेर माणदेशातलं. सत्तरच्या दशकात गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात आभाळात ठिपके, मग ते गोल गोल खाली, मग धुळीत भांडणं. आम्ही पोरं बांधावरून बघायचो. त्यामुळे आठवणीतून काढलं. मान नागडी, पिसांची कॉलर, पाठीवरचा पांढरा पट्टा. फोटोशी ताडून पाहिलं तर चोच चक्क घारीची. पन्नास वर्षांत आठवणीतल्या गिधाडाला घारीची चोच फुटली होती.

शेवटी ठरवलं, गिधाड काढायचंच नाही. त्याच्या आकाराचा कागद कोरा ठेवायचा आणि भोवती रंगवायची कुत्री, झुडपं, धूळ. मास्किंग फ्लुइड आणलं, म्हणजे जिथे लावू तिथे कागदाला रंग लागू न देणारं द्रावण. ब्रश खराब होतो म्हणून उदबत्तीच्या काडीने लावलं, पिसांची टोकं काडीने फार छान निघतात, करून बघा. कुत्री रंगवली, चार, त्यातलं एक लंगडं, आमच्या गल्लीतलं. मग लग्नाला कोल्हापूरला गेले. चार दिवसांनी परत येऊन फ्लुइड खरवडायला घेतलं तर मानेपाशी कागदच सोलून आला. हे फ्लुइड म्हणजे रबराचा चीक. कागद पूर्ण वाळला की हा चीक त्याच दिवशी काढायचा असतो, आणि माझा कागद 200 जीएसएमचा, म्हणजे वजनाला हलका, विद्यार्थ्यांचा. 300 चा कॉटन कागद असता तर बहुधा तरला असता. मागून हातकागदाची पट्टी खळीनं चिकटवलीय. ज्यांना दाखवलं त्यातले दोघे म्हणाले, फाटलेली मान फार प्रतीकात्मक आहे. नाही हो. कोल्हापूरचं लग्न आहे ते.

राहिलेल्या पानांबद्दल सांगण्यासारखं कमी. गोचिडीचं (सिंधुदुर्गातला माकडताप तिच्यामुळे पसरतो) पान ठीक झालंय, भिंगाखाली आठ पाय मोजले. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे पळत राहतात, तीन पानं वाया. कोणी पाण्यातला मासा समोर ठेवून काढत असेल तर भांडं कोणतं वापरता ते सांगा, गोल बरणीत मासा एका कडेला दुप्पट होतो.

आणि एक जोडपान, 31 वं, अजून अर्धं. एसीच्या बाहेरच्या डब्यामागे कबुतराने सात काड्या आणि एक तारेचा तुकडा टाकून त्याला घरटं म्हटलंय. दोन अंडी. दिवसा नर बसतो, दुपार कलल्यावर मादी येते, मग रात्रभर तीच. दोघांत फरक ओळखायला मला आठवडा लागला, नराची मान जाड आणि जास्त चमकते. ‘काढून टाका ते’ असं घरात रोज एकदा म्हटलं जातं, आणि मीही एकदा झाडू घेऊन गेले होते. परवा अठरावा दिवस, अंडी फुटायचा. पेन्सिल टोकदार करून ठेवलीय, मास्कही खिडकीलाच टांगलाय.