कराटे किड, पण कराटे कुठाय?

परवा पावसात फोंड्याला बहिणीकडे अडकलो, भाच्याने २०१० चा कराटे किड लावला. पोरगा स्वतः कराटे शिकतो, यलो बेल्ट, त्यामुळे लगेच सुरू, मामा हे कराटे नाहीच! बरोबरच की. सिनेमा घडतो बीजिंगमध्ये, जॅकी चॅन शिकवतो कुंग फू, आणि कराटे तर ओकिनावाचं, म्हणजे जपानचं. १९८४ च्या मूळ सिनेमात निदान गुरू तरी ओकिनावाचा होता. हॉलिवूडला चीन काय नि जपान काय, सगळं सारखंच!

हिंदी सिनेमातला गोवेकर कायम बाटली घेऊन झिंगलेला दाखवतात तेव्हा आम्ही किती चिडतो, आणि प्रत्येक चिनी माणसाला कुंग फू येतं हे मात्र चिप्स खात बघतो.

तेवढ्यात भाचा उठून दाखवायला लागला, एक मूठ फिरत पुढे, दुसरी खेचून कमरेला. चहाचा कप गेला.