लोकांना विचारून कधी रस्ता होतो का?

‘रस्ता इंजिनिअरनं करायचा असतो हो. लोकांना काय विचारायचं त्यात? लोक पार्किंग मागणार, नाहीतर दारासमोर गतिरोधक.’ लातुरात पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ते कसे असावेत, यावर रहिवाशांची मतं गोळा करायचं काम मी करते. हे कळलं की समोरचा माणूस हा प्रश्न हमखास टाकतो. दुकानदार विचारतात, पुढारी विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले पाहुणेही विचारतात. तिथं दोन वाक्यांपलीकडे बोलणं होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

लोक पार्किंग मागतात, हे खरं आहे. पण कोणते लोक? सभागृहात सकाळी अकराला बैठक लावली की तिथं दुकानाचे मालक येतात, सोसायटीचे अध्यक्ष येतात, निवृत्त मंडळी येतात. बहुतेक सगळे गाडीवर येतात आणि बाहेर गाडी लावायला जागा नाही म्हणून चिडूनच आत बसतात. धुणंभांडी करणाऱ्या बाया त्या वेळी कुणाच्या तरी घरात कामात असतात. भाजीवाली गाडा सोडून येऊ शकत नाही. पोरं क्लासात असतात. मग कागदावर ‘रहिवाशांची मागणी : पार्किंग’ असं येतं. विचारायची जागा आणि वेळ बदलली की उत्तर बदलतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

म्हणून आम्ही क्लास सुटायच्या वेळेला रस्त्यावरच उभं राहतो. लातूर पॅटर्नच्या नावानं परभणी, नांदेड, धाराशिवकडची खेड्यापाड्यांतली लेकरं इथं खोली करून राहतात आणि खोली ते क्लास, क्लास ते मेस अशी दिवसभर पायी नाहीतर सायकलवर असतात. मतदार यादीत त्यांचं नाव नसतं, म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. ‘तुला काय पाहिजे?’ असं विचारलं की पोरगं गोंधळतं, ‘काही नाही मॅडम’ म्हणतं. त्यापेक्षा कागद-पेन हातात देऊन ‘कुठून कसा येतोस ते काढ’ म्हटलं की भराभर काढतं. त्या नकाशांत मोठा रस्ता फार कमी वेळा येतो. बोळ येतात, मोकळे प्लॉट येतात, दुभाजकाचा कठडा जिथं तोडलाय ती फट येते. एका मुलीनं वाटेवर तीन ठिकाणी फुल्या मारल्या होत्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, ‘इथं नालीवर ढापा नाही. पावसात पाणी साचलं की कळत नाही, म्हणून उतरून सायकल हातात धरते.’ सायकल ट्रॅक करायचा तर रुंद आहे म्हणून मोठ्या रस्त्यावर करतात. ही मुलं त्या रस्त्यानं जातच नाहीत. त्यांना मागच्या बोळात तीन ढापे आणि दोन दिवे हवे आहेत. त्याचा खर्च ट्रॅकच्या मानानं काहीच नाही.

इंजिनिअरला कळत नाही असं मी कधीच म्हणत नाही. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरहून जास्त नसावी, असं त्यात स्पष्ट आहे. आमच्याकडे फूटपाथखालून नाली जाते, नालीवर स्लॅब पडतो, स्लॅबवर पेव्हर ब्लॉक बसतात आणि उंची वाढत जाते. पुढं प्रत्येक दुकानदार आपल्या दारापुरता उतार काढतो. मग सलग वीस पावलंसुद्धा एका पातळीवर टाकता येत नाहीत. दवाखान्यातून पायी परतणाऱ्या एका आजींना मी विचारलं, फूटपाथ असताना डांबरावरून का चालताय? म्हणाल्या, ‘लई उंच हाय ते, लेकी. गुडघा वाकंना.’ टेप लावून पाहिलं, कड वीतभराहूनही उंच भरली. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. फूटपाथ असूनही माणूस गाड्यांमध्ये का उतरतो, हे त्या आजींना विचारल्याशिवाय कागदावर कसं येणार?

दिव्यांचंही तसंच. आमच्याकडे खांब दुभाजकात असतात, उजेड गाड्यांवर पडतो आणि कडेला कडुलिंबाच्या झाडाखाली अंधार राहतो. लगेच कुणीतरी फांद्या छाटायला सांगतं. मे महिन्यात बेचाळीस अंशांत त्या सावलीखेरीज कोण चालणार आहे? झाड राहू द्या, फांद्यांच्या खाली उजेड पडेल असा बुटका दिवा लावा. रात्री क्लासहून परतणाऱ्या मुलींना रस्त्याच्या कोणत्या बाजूनं जाता असं विचारलं तर त्या चहाच्या गाड्याची बाजू सांगतात. तिथं बल्ब असतो, माणसं असतात. फूटपाथ मोकळा करा म्हणजे पहिल्यांदा हातगाडे हटवा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकायला हवं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले असावे लागतात. ती माणसं बैठकीत नसतील तर ती बैठक अर्धीच.

दुकानदारांची भीती मला समजते. ‘गाड्या थांबल्या नाहीत तर गिऱ्हाईक जाईल’ हे वाक्य पोटातून येतं, त्यावर भाषण देऊन उपयोग नाही. एका बाजाराच्या रस्त्यावर आम्ही फक्कीनं रेघ ओढली, कोन ठेवले आणि चार दिवस तेवढी जागा चालणाऱ्यांना दिली. एका कापड दुकानदाराला वही दिली आणि आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक कसं आलं ते त्यालाच लिहायला सांगितलं. बरीचशी गिऱ्हाईकं बसस्टँडवरून पायी नाहीतर ऑटोनं आलेली निघाली. दुकानासमोर दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या त्याच्या स्वतःच्या आणि नोकरांच्या होत्या. ते त्यानंच मला दाखवलं. आपल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. बाजाराला आलेला माणूस तिथं गोल फिरत पायीच सराफा, कापड, भांडी करतो. लातूरच्या व्यापाऱ्याला पायी गिऱ्हाईक नवं नाही.

आधी तात्पुरतं करून बघा, लोकांचं ऐका, मग पक्कं बांधा, हीच पद्धत केंद्राच्या २०२० च्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत होती आणि आपलं संभाजीनगर त्यात उतरलं होतं. महाराष्ट्रात तर २००९ पासून कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. नगरसेवकानं आपल्या भागातले मतदार जमवून त्यांचं ऐकायचं. अशी सभा झालेली तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फूटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, येतो असं सांगितलं. आजींची कड खाली आणणं आता कुणाच्या मर्जीवर सोडायची गोष्ट राहिलेली नाही.

या कामात मला सगळ्यात जास्त ऐकावं लागणारं वाक्य मात्र वेगळंच आहे : ‘मागच्या वेळीबी लिहून नेलं होतं.’ विचारून गायब होणं हे न विचारण्याहून वाईट. पुढच्या वेळी तो माणूस तोंड उघडत नाही. म्हणून कोणती सूचना घेतली, कोणती घेतली नाही आणि का, याचा फलक त्याच चौकात लावायचा, असा माझा आग्रह असतो. प्रत्येक दारासमोर गतिरोधक मिळणार नाही, हेही तिथंच लिहायचं. लोक भांडतात, पण फलक वाचतात.

एका गल्लीनं तर सायकल ट्रॅक नकोच असं एकमुखानं सांगितलं. आधी नाली झाका म्हणाले. मी अहवालात तसंच लिहिलं, एक शब्द मवाळ केला नाही. ढाप्यांचं काम आता निघालंय. ते झालं की ट्रॅकचा विषय घेऊन पुन्हा त्या गल्लीत जाणार आहे, संध्याकाळी, बाया कामावरून परतायच्या वेळेला.