तीन हजार टन मेपल सिरप कसे नाहीसे झाले

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मार्च उजाडला, रात्री पाणी गोठू लागले आणि दिवसा थोडे ऊन पडू लागले, की मेपलच्या खोडांतून रस पाझरू लागतो. तो आटवण्याच्या शेडमध्ये आपल्या गुऱ्हाळासारखीच गोड वाफ कोंदलेली असते. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर सिरप हाती येते. जगातील सुमारे ७० टक्के सिरप या एकाच प्रांतात तयार होते, हे ध्यानात घेतले तर २०११-१२ मध्ये येथे झालेल्या चोरीला एवढे महत्त्व का आले, ते कळते.

येथील घाऊक विक्री उत्पादकांच्या महासंघामार्फतच करावी लागते. प्रत्येकाचा कोटा ठरलेला असतो आणि जास्तीचे सिरप राखीव साठ्यात जाते, म्हणजे पीक कमी आले तरी भाव स्थिर राहतो. त्या साठ्याचा काही भाग सेंट-लुई-द-ब्लँडफोर्ड या गावातील भाड्याच्या गोदामात होता, आणि तेथे पहारा असा जवळजवळ नव्हताच. गोदामाच्या सहमालकिणीचा पती चोरांना सामील होता, त्यामुळे आत शिरण्याचा प्रश्नही उरला नाही. सुरुवातीला पिंपे ट्रकने दुसरीकडे नेऊन रिकामी केली जात आणि पाणी भरून परत आणून ठेवली जात; पुढे तेवढे कष्टही कोणी घेतले नाहीत, गोदामातच सिरप उपसून रिकामी पिंपे तशीच रचून ठेवली गेली. जुलै २०१२ मध्ये साठ्याची मोजदाद करायला आलेला निरीक्षक पिंपांच्या थप्पीवर चढला, तेव्हा त्याच्या भाराने एक पिंप हलले. भरलेले पिंप पाव टनाहून जड असते, ते असे हलणार नाही. तोवर सुमारे ३,००० टन, म्हणजे १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलरहून अधिक किमतीचे सिरप गेले होते.

एवढे सिरप घेतले कोणी, हा प्रश्न मला चोरीहून महत्त्वाचा वाटतो. माझ्या मते, महासंघाला टाळून माल विकणारे उत्पादक आणि घेणारे व्यापारी आधीपासून नसते, तर हा माल खपला नसता. कोट्याने भाव सांभाळला, पण चोरवाटही त्यानेच रुंद केली. महासंघाचे लोक हे मान्य करणार नाहीत, हे उघड आहे.

मुख्य आरोपी रिचर्ड व्हालियेर याला २०१७ मध्ये आठ वर्षांची कैद झाली. आपला नफा जेमतेम १० लाख डॉलर होता, म्हणून दंडही तेवढाच असावा, हे त्याचे म्हणणे प्रांताच्या अपील न्यायालयाने मान्य केले. पण २०२२ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. दंड नफ्यावर नव्हे, तर आरोपीच्या हातून गेलेल्या मालाच्या किमतीवर ठरतो, असे सांगून न्यायालयाने सुमारे ९१ लाख ७० हजार डॉलरचा मूळ दंड कायम केला. तो भरण्यास दहा वर्षांची मुदत आहे; न भरल्यास आणखी सहा वर्षांची कैद.